यंत्राच्या मते घरात दोन माणसं

माझी वहिनी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल की एकट्या राहणाऱ्या बायकांचं म्हातारपणी असं होतंच. मला असल्या बोलण्याचा संताप येतो. कालिंदी आगटे हिने बालीगंजच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला आणि वर्गात भुतांच्या गप्पा मारणाऱ्या मुलींना कोऱ्या नकाशात बंगालच्या सगळ्या नद्या भरायला लावल्या. ती वाढली बराकपूरच्या छावणीत. वडील लष्कराच्या हिशेबखात्यात होते. क्वार्टर्सच्या मागे गोऱ्या शिपायांचं जुनं कबरस्तान होतं आणि ही तिथल्या गार फरशांवर बसून भातुकली खेळायची. असल्या मुलीला पुढे काय भीती वाटणार?

लग्न होऊन ती भवानीपूरला आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. नणंद म्हणून मी तिला बराच त्रास दिला आणि तिने तो हसून परत केला. माझा दादा, म्हणजे अविनाश, गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात होता. कमी बोलणारा माणूस. संध्याकाळी घरी आला की जिन्यातच घसा खाकरायचा, छत्री कोपऱ्यात उभी करायचा आणि वेताच्या खुर्चीत बसून आजोबांच्या पितळी अडकित्त्याने सुपारी कातरायचा. खायची थोडी, कातरायची जास्त. कट्, मग थोडी शांतता, मग परत कट्. लाडात आला की डोक्यावरून हात फिरवायचा, तोही उलटा, कारण बोटांना चुना आणि कात लागलेला असायचा. माझ्यावरून फिरवायचा, त्याच्या मुलावरून, अजेयवरून फिरवायचा, आणि कोणी बघत नाही असं वाटलं की वहिनीवरूनही.

तीन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत तो बसल्या बसल्या गेला. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनीकडे अडकित्ता मागितला. मला वाटलं होतं ती थोडी तरी कुरकुरेल. तिने एका शब्दाने नाही म्हटलं नाही, पदराने पुसून माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून तो माझ्या कपाटात, आईच्या लुगड्यांच्या घडीत होता. हे लक्षात ठेवा.

आमचं घर तीन मजली. वरच्या मजल्यावर वहिनी, मधल्यावर मी आणि समोर चटर्जी, तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान. वरचा मजला म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. गच्ची डोक्यावर, खिडक्या पश्चिमेला. गेली काही वर्षं एप्रिल महिना असा तापतोय की दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा होत्या आणि प्रत्येक खोलीत छतालगत वाटीएवढी गोल भोकं होती. बंगाली लोक त्यांना घुलघुली म्हणतात. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते, एवढीच त्या काळची सोय. त्यांत चिमण्या राहायच्या.

माझा भाचा अजेय, वहिनीचा एकुलता एक मुलगा, इमारतींची वीज कशी वाचेल हे सांगणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. गेल्या वर्षी बांधकामाच्या नियमांत बदल सुचवणारा एक मसुदा निघाला आणि तो त्यात आकंठ बुडाला. नव्या इमारतींनी, आणि मोठी दुरुस्ती काढणाऱ्या जुन्या इमारतींनीही, भिंती, छप्पर आणि खिडक्या अशा करायच्या की बाहेरची उष्णता आत येऊ नये आणि आतला गारवा बाहेर जाऊ नये. फटी, भोकं सगळी बुजवायची. आणि घर इतकं घट्ट केलं की हवा आत-बाहेर करणारा एक पंखा बसवायचा. भांडण या शेवटच्या कलमावरून होतं. पंखा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा, असं बिल्डर लोक म्हणत होते. तो सक्तीचाच हवा, असं अजेयचं म्हणणं होतं. लोकांच्या सूचना ऐकायला एक बैठक होणार होती. तिथे दाखवायला त्याला एक नमुन्याचं घर हवं होतं, आणि कोणी स्वतःचं घर देईना तेव्हा त्याने आईचं घेतलं.

मार्चमध्ये काम झालं. गच्चीवर उष्णता अडवणारा जाड थर चढला, झडपांच्या आतून दुहेरी काच आली, दाराखालच्या फटीला ब्रश लागला. घुलघुल्या फुगून घट्ट होणाऱ्या फेसाने भरल्या. चिमण्या दोन दिवस बाहेरून भिंतीवर आपटत राहिल्या आणि मग कुठेतरी निघून गेल्या. वहिनीने त्यांच्यासाठी गच्चीवर तांदूळ टाकले, पण ते कावळ्यांनीच खाल्ले.

मी पहिल्यांदा वर गेले आणि वहिनीने माझ्यामागे दार लावलं तेव्हा कानांना दडे बसले. रस्त्यावरचे हॉर्न, शिंप्याचं मशीन, समोरच्या घरातला हार्मोनियम, सगळं एकदम बंद. फार गार होतं, खोटं कशाला बोलू. पण माझाच आवाज मला अगदी जवळून कोणी बोलल्यासारखा ऐकू येत होता. वहिनीला विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, उलट किती वर्षांनी घरात शांतता आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी फक्त आमच्यासारख्या घरांतच होऊ शकते. आम्ही पिढ्यान् पिढ्या कोलकात्यात राहिलेली मराठी माणसं. तिन्हीसांजेला देवापाशी समई लावायची आणि घराचं दार उघडं ठेवायचं, कारण ती लक्ष्मीची यायची वेळ, हे आजीने शिकवलं. त्याच वेळी मातीच्या धुनुचीत नारळाच्या शेंड्या पेटवून, वर राळ टाकून घरभर धुनो फिरवायचा, हे शेजारच्या बंगाली बायकांनी शिकवलं. डास पळतात आणि वास छान येतो. आमच्या घरात दोन्ही रीती एकमेकींना धरून राहिल्या. धूर आत, दार उघडं. त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे हा विचार कोणी केला नाही.

अजेयने घरात एक यंत्र लावलं होतं. देवघराशेजारी भिंतीवर पांढरी डबी. ती हवा मोजायची आणि आकडे त्याच्या मोबाइलवर पाठवायची. संध्याकाळी दार उघडं राहिलं की सगळे आकडे बिघडतात, म्हणून त्याने आईला बजावलं की बैठक होईपर्यंत तिन्हीसांजेलाही दार लावूनच ठेव. आयुष्यात पहिल्यांदा वहिनीने त्या वेळेला दार लावलं. मी बोलले. ती म्हणाली, लक्ष्मीला घंटा वाजवता येते. धुनो बंद करायला मात्र अजेयने सांगितलं नाही. ज्या वासात तो लहानाचा मोठा झाला, तो त्याला वेगळा जाणवायचाच नाही. आणि पंखा? तो वहिनीने पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकला. कोणीतरी सतत नाकात गुणगुणतंय असं वाटतं, म्हणाली.

एप्रिलच्या शेवटी अजेयचा मला फोन आला.

"आत्या, रोज संध्याकाळी तू आईकडे जातेस का?"

मी म्हटलं, माझ्याकडे त्या वेळेला शिकवणीच्या मुली असतात.

"मग कोण येतं?"

त्याने सांगितलं की ती डबी माणसांच्या उच्छ्वासावरून घरात किती जण आहेत याचा अंदाज बांधते. दिवसभर एक माणूस दाखवते. तिन्हीसांजा झाल्या की दोन. तासा-दीड तासाने परत एक. आणि हे रोज. त्याला वाटत होतं की आईने कोणाला तरी सोबतीला ठेवलंय आणि सांगायला संकोचतेय. त्याच्या आवाजात थोडी मजाही होती. मी फोन ठेवला आणि मला मजा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या मुलींना लवकर सोडलं आणि जिना चढले. आजूबाजूच्या घरांतून शंख वाजत होते. वहिनीच्या दाराबाहेर काही ऐकू येत नव्हतं, त्या दाराबाहेर आता काही ऐकू येतच नसे. घंटा वाजवली. दार उघडायला तिने फार वेळ लावला. उघडलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, गाल तापल्यासारखे, आणि डोळ्यांत मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. ती सुखात होती. टेबलावर दोन कप चहा होता. एकावर बशी झाकलेली.

ती मला बस म्हणाली, पण वेताच्या खुर्चीत नको म्हणाली.

मी दिवाणावर बसले. समईची ज्योत सरळ उभी होती, अजिबात हलत नव्हती. आमच्या घरातली ज्योत मी अशी कधी पाहिली नव्हती, ती कायम खिडकीकडे झुकलेली असायची. धुनोचा धूर छताखाली एका पातळीत थांबून राहिला होता. कोणासाठी चहा आहे, असं मी विचारलं, आणि वहिनीने उद्याचा भाजीचा बेत सांगावा तितक्या सहज सांगितलं की हे येतात.

मी तिला बरंच काही बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, मीही स्वतःला हेच बोलले होते, पण यंत्राला कशी चूक होईल? अजेयने तिलाही फोन केला होता. तिला जे इतके दिवस नुसतं वाटत होतं, ते आता पोराच्या मोबाइलवर आकड्यात आलं होतं. भूगोल शिकवलेली बाई, मोजलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास. सुपारी कातरतात, म्हणाली. मी म्हटलं, अडकित्ता माझ्याकडे आहे. ती म्हणाली, हो, मलाही ते कळत नाही.

आम्ही दोघी बसून राहिलो. माझं डोकं जड व्हायला लागलं. धूर डोळ्यांत जात होता आणि उठावंसं वाटत नव्हतं, हातपाय सुस्तावले होते. तेव्हा मला ते ऐकू आलं. कट्. मग थोडी शांतता. मग परत कट्. खुर्चीकडे बघायचं मला धाडस झालं नाही. मी वहिनीकडे बघत होते, आणि ती खुर्चीकडे बघून हळूच मान हलवत होती, नको नको अशी, नवऱ्याने काही सांगितलं आणि बायकोला ते करायचं नसलं की हलवतात तशी.

मी उठले, भिंत धरत दारापर्यंत गेले आणि जिना उतरून घरी आले. कपाट उघडलं. अडकित्ता लुगड्याच्या घडीत होता, ठेवला होता तसाच. दिव्याखाली धरून पाहिला. पात्याच्या बेचक्यात सुपारीचा बारीक लालसर भुगा होता. तो जुनाच असणार. घेतला तेव्हा वहिनीने वरवर पुसलेला होता, आतून कोणी पुसतं का? रात्री अजेयचा निरोप होता, आज आईकडे तीन माणसं होती का?

त्यानंतर मी आणखी काही वेळा गेले. का खोटं बोलू, माझा तो भाऊ होता, वहिनीच्या आधीपासून माझा होता. मला पुन्हा ऐकू आलं नाही. डोकं तेवढं दुखायचं. माझ्यासाठी एकदा आणि बायकोसाठी रोज, म्हणून मला दादाचा रागसुद्धा आला. मग मी जाणं सोडलं.

मे महिन्यात अजेय काही लोकांना घर दाखवायला घेऊन आला. त्यांत बिल्डरांच्या संघटनेचा एक माणूस होता. त्याने वहिनीला पंख्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, मी तो लावतच नाही आणि मला काही त्रास नाही. त्या माणसाला आकाश ठेंगणं झालं. मासीमा, हे तुम्ही बैठकीत येऊन सांगाल का? वहिनी लगेच हो म्हणाली. अजेयचं तोंड उतरलं. त्याच्याच घरातून, त्याच्याच आईने त्याच्याविरुद्ध बोलायचं. तो गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. पोराची वर्षभराची मेहनत तू पाण्यात घालणार, तेही ज्या माणसाशी आपलं देणं ना घेणं त्याच्यासाठी?

तिने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "पंखा लावला की हे येत नाहीत, वासंती. मी करून पाहिलं. उद्या नियमच झाला तर सगळ्यांना लावावा लागेल. मला पण."

घरी येऊन मी भांडी घासली, नको तितक्या जोरात.

अजेयची बायको नेहा तेव्हा गरोदर होती, सातवा संपत आला होता. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवसाकाठी दोनदा वीज जायची आणि डॉक्टरांनी उकाड्यात राहू नका म्हणून सांगितलं होतं. भवानीपूरच्या घराइतकं गार घर दुसरं कुठलं? ती सासूकडे राहायला आली. मुलगी पुण्याची, लग्न दोन वर्षांपूर्वीचं. दादाला तिने कधी पाहिलं नव्हतं. फोटोत काय तेवढा.

ती आली त्याच दिवशी संध्याकाळी मी शिकवणीच्या मुलींच्या वह्या बघत होते आणि वहिनीची हाक आली. तिला मी तोवर ओरडताना ऐकलं नव्हतं. धावत वर गेले. वहिनी नेहाच्या काखेत हात घालून तिला दारातून ओढत बाहेर आणत होती. चटर्जीही आले. आम्ही तिला जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली निजवलं. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. वारा लागल्यावर तिला उलटी झाली आणि मग ती रडायला लागली. चटर्जी गाडी काढायला खाली धावले.

नेहा वहिनीचा हात धरून म्हणाली, "आई, आत कोण होतं? मला जाग येत नव्हती आणि कोणीतरी माझ्या केसांवरून हात फिरवत होतं. उलटा हात. सारखं म्हणत होतं, दार उघड, दार उघड."

मी वर उघड्या दाराकडे बघितलं. वहिनी मात्र दचकली नाही. ती नेहाच्या पोटावर हात ठेवून बसली होती आणि बाळ हलेपर्यंत तिने तो उचलला नाही. ते हलल्यावर तिने श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मलाही रोज तेच सांगतात. पहिल्या दिवसापासून. मी उघडत नव्हते. मला वाटायचं, दार उघडलं की निघून जातील."

हॉस्पिटलात रक्त तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, बंद खोलीत काही जळत होतं का? तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. शेंड्यांच्या निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पहिल्यांदा डोकं दुखतं, झोप येते, नाही त्या गोष्टी दिसतात आणि ऐकू येतात. आणखी थोडा वेळ गेला असता तर आई आणि बाळ दोघंही हाती लागली नसती. उच्छ्वासाचा वायूही निखाऱ्यातून निघतोच, म्हणून त्या डबीला एक माणूस जास्त दिसत होता. सगळं नीट बसलं. अजेय भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. यंत्राने इतके दिवस त्याला सांगितलं होतं आणि तो आईची थट्टा करत राहिला होता.

डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. दिवसा तर पूर्ण पटतं. फक्त उलट्या हाताचं मी कोणाला विचारू?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने स्वयंपाकघरातली उलथनी घेतली, स्टुलावर चढली आणि घुलघुलीतला फेस खरवडून काढायला लागली. अजेयने तिला उतरवलं आणि स्वतः चढला. सगळी भोकं मोकळी झाली. धुनुची तिने शेजारणीला देऊन टाकली. त्या संध्याकाळी तिने समई लावली आणि दार सताड उघडलं. मी तिच्यासोबत थांबले होते. ज्योत पुन्हा खिडकीकडे झुकली. वेताची खुर्ची रिकामी होती, म्हणजे आम्हा दोघींनाही ती रिकामी दिसत होती. वहिनीने चहाचा एकच कप भरला.

बैठक जूनमध्ये झाली. मोठं सभागृह, वर खुर्च्यांत अधिकारी, समोर इंजिनियर आणि बिल्डर. अजेयने आदल्या रात्री आईला सांगितलं होतं की तू आली नाहीस तरी चालेल. ती आली. बिल्डरांच्या माणसाने मोठ्या उत्साहाने तिचं नाव पुकारलं. त्याला काही कळवलेलं नव्हतं. वहिनी माइकपाशी गेली, वर्गात उभी राहायची तशी ताठ. ती बंगालीत बोलली. मी तिचं बोलणं जसंच्या तसं मराठीत सांगते आहे.

"पंख्याची सक्ती नको, असं सांगायला मी येणार होते. मला तो बंद ठेवायला आवडायचं. बंद असला की माझे यजमान मला भेटायला यायचे. ते तीन वर्षांपूर्वी वारले. डॉक्टर म्हणतात ते विष होतं. असेल. पण मला विचाराल तर मी रोज ते घेतलं असतं. माझी सून त्या घरात आली नसती, तर मी कोणालाही काही कळू दिलं नसतं." इथे ती थांबली. "म्हणून सांगते, ते कलम सक्तीचं करा. आणि पंख्याला बंद करायचं बटण ठेवू नका. माझ्यासारख्या बायका या शहरात पुष्कळ आहेत, त्या ते बंद करतील."

ती खाली येऊन माझ्याशेजारी बसली. त्यानंतर पुढच्या माणसाचं नाव पुकारायला अधिकाऱ्यांनी बराच वेळ घेतला. मसुद्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर तो अजून विचाराधीन आहे. अजेय म्हणतो, लागेल वेळ.

घरी परत येताना वहिनीने माझ्याकडे अडकित्ता मागितला. फोटोपाशी ठेवायचा असेल, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी तो दिला. तिने दिला होता तसाच, पदराने पुसून दिला.

ऑगस्टमध्ये नेहाला मुलगी झाली. बारसं होऊन ती दोघं बाळाला घेऊन आपल्या घरी गेली आणि वरचा मजला पुन्हा सुना झाला. परवा तिन्हीसांजेला मी खिडकीपाशी उभी होते. शंख वाजून गेले होते. आणि वरून आवाज आला. कट्. मग थोडी शांतता. मग परत कट्.

हिने परत दारं-खिडक्या लावून घेतल्या, परत धुनो पेटवला, असं मनात आलं आणि मी चपला न घालता जिना चढले. वाटेत तिला काय काय सुनवायचं हेही ठरवलं.

दार सताड उघडं होतं. घुलघुलीतून संध्याकाळचा उजेड आत येत होता आणि समईची ज्योत खिडकीकडे वाकलेली होती. धुराचा वास नव्हता. वहिनी खाली चटईवर बसली होती, वेताच्या खुर्चीच्या पायाशी. तिच्या हातात अडकित्ता होता आणि समोर ताटलीत कातरलेल्या सुपारीचा हा एवढा ढीग. जिने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही ती बाई एकेक सुपारी घेऊन कातरत होती, वाकडीतिकडी, सवय नसलेल्या हाताने. बोटाला चिंधी बांधलेली होती.

मी दारातच उभी राहिले. ठरवलेलं सगळं बोलणं विसरून गेले.

"तुला खाली ऐकू आलं ना?" तिने वर न बघता विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग ह्यांनाही येईल."

मी आत जाऊन तिच्याजवळ चटईवर बसले. ती कातरत राहिली. मी ताटलीतले मोठे तुकडे निवडून बाजूला काढायला लागले, नुसतं बसवेना म्हणून. थोड्या वेळाने जिन्यात कोणीतरी घसा खाकरला. चटर्जी असतील, या वेळेला तेच घरी येतात. वहिनीचा हात थांबला. आम्ही दोघींनीही दाराकडे बघितलं नाही.